मुंबईतलं काम खाडीपलीकडे कसं गेलं

मसाल्याची पोती आता वाशीत उतरतात, गोदामं भिवंडीत आहेत, मंत्रालय मात्र जागचं हललेलं नाही. मुंबईतलं काम बाहेर गेलं ते असं निवडक.

1854 साली कावसजी दावर यांनी शहरातल्या पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. पुढची शंभर वर्षं लालबाग-परळच्या चाळींतला माणूस भोंगा ऐकून पायीच कामावर जायचा. ही वीण आधी विस्कटली ती कारखान्यांमुळे. 1962 साली औद्योगिक वसाहती उभारणारं सरकारी महामंडळ, एमआयडीसी, स्थापन झालं, ठाण्याला वागळे इस्टेट उभी राहिली, मग ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायनांचे कारखाने आले. 1982 च्या संपात गिरण्यांची धोटी थांबली, तेव्हा मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतलं. ते काम बव्हंशी परत आलंच नाही.

कचेऱ्यांचं तसं झालं नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, तसंच अभियंता शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकातच खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं होतं. सरकारी कारभारही तिकडे हलवावा, म्हणजे बाकीचे मागोमाग येतील, असा त्यांचा हिशेब. हे शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवायला 1970 साली सिडको ही सरकारी कंपनी जन्माला आली खरी, पण त्याच सुमारास समुद्रात भर घालून नरिमन पॉइंटचे टॉवर उभे राहत होते. खुद्द सिडकोचं नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटच्या ‘निर्मल’ इमारतीत! सरकारच हलेना, तर बँकांनी का हलावं?

घाऊक बाजार मात्र हलवला गेला. मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांत ट्रक वळत नव्हते, म्हणून 1980 च्या दशकापासून कांदा-बटाट्यापासून किराण्यापर्यंतचे गाळे टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली. माथाडींच्या टोळ्यांना मालामागे जावंच लागलं. कोपरखैरणे-घणसोलीतली माथाडी वस्ती त्यातूनच वाढली.

भिवंडीची गोदामं कुठल्या आराखड्यातून आली नाहीत, ती जकातीने आणली. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात, मग तो विकला जावो वा पडून राहो. त्यापेक्षा नाक्याबाहेर साठवावा आणि ऑर्डर येईल तसा आत न्यावा, हे व्यापाऱ्याने कधीच ओळखलं होतं. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली. गोदामं तिथेच राहिली, कारण एव्हाना नाशिक हायवे, हमाल आणि ट्रकवाले सगळे तिथेच होते. आता त्यांतून ऑनलाइन खरेदीची पार्सलं निघतात.