लॅपटॉप दुरुस्त होणार की नाही, हे विकत घेतानाच ठरतं

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"एक बटण चालत नाही, तर अख्खा वरचा भाग कशाला बदलायचा?" "रॅम वाढवता येणार नाही म्हणजे काय?" "लॅपटॉप गेला तर गेला, निदान डेटा तरी काढून द्या." हे प्रश्न आम्हाला सतत विचारले जातात आणि सगळ्यांचं उत्तर लॅपटॉपच्या बांधणीत आहे. बिघाड फारसे बदललेले नाहीत. बॅटरी पूर्वीही थकायची, कीबोर्डवर पाणी पूर्वीही सांडायचं. एक भाग बिघडला की त्याच्यासोबत आणखी किती चांगले भाग काढून टाकावे लागतात, हे मात्र पार बदललं आहे. दुरुस्तीचा खर्च तिथे वाढतो. तो का वाढतो आणि तुमच्या हातात काय आहे, हे सांगायला हे पत्रक.

आधीची बांधणी

२०१० च्या आसपासचा साधा लॅपटॉप घरात पडून असेल तर उलटा करून बघा. खालचे खटके सरकवले की बॅटरी हातात येते, पेचकससुद्धा लागत नाही. एका झाकणाखाली रॅमच्या (चालू कामापुरत्या तात्पुरत्या मेमरीच्या) पट्ट्या, दुसऱ्याखाली अडीच इंची हार्ड डिस्क. कीबोर्ड मोजक्या स्क्रूंवर आणि एका चपट्या केबलवर बसलेला. चार्जरची पिन जाते तो जॅक बऱ्याच मॉडेलांत वायरने बोर्डाला, म्हणजे मुख्य मदरबोर्डाला, जोडलेला असे. तो सैल झाला तर तेवढाच बदलायचा, बोर्डाला हात लावायची गरज नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत लॅपटॉपचे काही प्रोसेसरही सॉकेटमधून काढता येत. पाचव्या पिढीपासून ते सगळे बोर्डावर पक्के झाले.

२००८ मध्ये ॲपलचा पहिला मॅकबुक एअर आला तेव्हा त्याची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली (धातू वितळवून पक्की जोडलेली) होती आणि बॅटरी बाहेरून काढता येत नव्हती. त्या वेळी तो अपवाद वाटला. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली आली. २०१६ च्या टच बार असलेल्या मॅकबुक प्रोमध्ये एसएसडीसुद्धा (हार्ड डिस्कच्या जागी आलेली, डेटा साठवणारी चिप) बोर्डावर गेली. हळूहळू इतर कंपन्यांचे पातळ लॅपटॉपही त्याच वाटेने गेले. २०१७ चा मायक्रोसॉफ्टचा सर्फेस लॅपटॉप तर आयफिक्सिट या संस्थेने उघडून पाहिला आणि दुरुस्तीसाठी १० पैकी ० गुण दिले, कारण मोडतोड केल्याशिवाय तो उघडतच नव्हता. दोनच वर्षांनी आलेला सर्फेस लॅपटॉप ३ मात्र नीट उघडत होता आणि त्याची एसएसडी काढता येत होती. दिसायला दोन्ही सारखेच सडपातळ. म्हणून "पातळ हवा असेल तर असंच असणार" हे कारण आम्हाला पूर्ण पटत नाही.

कीबोर्ड

नवा कीबोर्ड मिळाला तरी काम तिथे संपत नाही, कारण आधी जुना सुटायला हवा. आजच्या अनेक मॉडेलांत कीबोर्ड वरच्या पॅनलला आतून प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांनी पक्का केलेला असतो. खुंट्यांची डोकी कारखान्यात गरम करून चपटी केलेली असतात, आणि अशा खुंट्या डझनांनी असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला बॅटरी, पंखा, मदरबोर्ड सगळं बाहेर काढावं लागतं. मग एकेक डोकं पात्याने तासायचं, नवा कीबोर्ड बसवायचा आणि उरलेल्या खुंट्या पुन्हा वितळवून दाबायच्या. एखादी नीट बसली नाही तर टाइप करताना तिथे कीबोर्ड दबतो. काही तासांचं किचकट काम आहे हे, म्हणून बरेच जण वरचं पॅनलच कीबोर्डसकट बदलायला सांगतात.

याचं ठळक उदाहरण ॲपलच्या बटरफ्लाय कीबोर्डचं. २०१५ ते २०१९ या काळातल्या मॅकबुकमध्ये बारीक धूळ गेली तरी बटण अडकायचं किंवा एकाऐवजी दोन अक्षरं उमटायची. २०१८ मध्ये कंपनीने त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली. कीबोर्ड वरच्या धातूच्या भागाला रिव्हेटने जोडलेला आणि बॅटरी त्याच भागाला चिकटवलेली, त्यामुळे कीबोर्ड बदलताना अनेकदा चांगली बॅटरीही त्याच्यासोबत जायची.

रॅमचं कारण खरं आहे, एसएसडीचं नाही

सोल्डर केलेल्या प्रत्येक भागावर आमचा सारखाच राग नाही. पातळ लॅपटॉपमधली एलपीडीडीआर जातीची रॅम कमी व्होल्टेजवर आणि फार वेगाने चालते. तिला प्रोसेसरच्या अगदी जवळ, छोट्यात छोट्या वाटेने जोडावं लागतं आणि जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधून ते साधत नाही. काही प्रोसेसरांमध्ये तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर, म्हणजे त्याच्या चिपच्याच बैठकीवर, असते. ॲपलच्या एम मालिकेच्या प्रोसेसरांत ती तशीच आहे, आणि २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतही. बॅटरी जास्त वेळ टिकते, हा त्याचा खरा फायदा. यावर उपायही निघाला आहे. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ नावाचं मानक जाहीर केलं. त्यातली एलपीकॅम२ ही एलपीडीडीआरची पट्टी स्क्रूने बसते आणि काढता येते. २०२४ च्या लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये ती आली. ती सगळीकडे पोहोचेपर्यंत आमचा सल्ला एवढाच: रॅम सोल्डर केलेली असेल तर आज पुरेल एवढी घेऊ नका, लॅपटॉप जितकी वर्षं वापरणार तितकी वर्षं पुरेल एवढी घ्या. नंतर वाढवता येणार नाही.

एसएसडी बोर्डावर सोल्डर करणं मात्र आम्हाला मुळीच पटत नाही. एम.२ कार्ड, म्हणजे काढता येणारी एसएसडी, इतकं लहान आणि चपटं असतं की बहुतेक लॅपटॉपमध्ये ते आरामात मावतं. शिवाय इथे प्रश्न लॅपटॉपपुरता नाही, तुमच्या फोटोंचा, हिशेबांचा आणि मुलांच्या प्रकल्पांचा आहे.

एक नेहमीचा बिघाड सांगतो. पॉवरच्या लाइनवर असलेला तांदळाच्या दाण्याहूनही छोटा कॅपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) शॉर्ट होतो. चार्जर लावला तरी दिवा लागत नाही, बोर्ड पूर्ण डेड. एम.२ कार्ड असेल तर आम्ही ते काढून दुसऱ्या मशीनला लावतो आणि डेटा वाचतो. बोर्डाचं काय करायचं ते तुम्ही नंतर निवांत ठरवा. एसएसडी सोल्डर केलेली असेल तर डेटासाठी आधी बोर्ड जिवंत करणं भाग. बोर्डाला मोजून थोडा करंट द्यायचा, थर्मल कॅमेऱ्याखाली कोणता भाग तापतो ते शोधायचं, तो काढायचा. हे जमतं, पण दर वेळी नाही. बोर्डाचा सर्किट नकाशा कंपन्या सहसा देत नाहीत, त्यामुळे निम्मा वेळ नुसतं शोधण्यात जातो. ॲपलच्या टी२ किंवा एम मालिकेच्या चिप असलेल्या मशीनमध्ये साठवलेला डेटा कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारा) असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या सुरक्षा भागाशी बांधलेली असते. मेमरीच्या चिप काढून दुसऱ्या बोर्डावर लावल्या तरी काही वाचता येत नाही. चोराच्या हाती डेटा लागू नये म्हणून ही सोय चांगलीच आहे, पण बोर्ड गेला की ती मालकालाही आत येऊ देत नाही. अशा लॅपटॉपवर बॅकअप नसेल तर डेटा परत देण्याची हमी आम्ही देत नाही, आणि कोणी दिली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

विंडोजवाल्यांनीही एक गोष्ट आजच करावी. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क अनेकदा आपोआप कूटबद्ध होते आणि हे कित्येकांना ठाऊकच नसतं. मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ते खातं कोणतं, पासवर्ड कोणता, हे एकदा तपासा आणि की कागदावर लिहून ठेवा.

फुगलेली बॅटरी

टचपॅड वर आल्यासारखा दिसतो, क्लिक होत नाही, लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, झाकण पूर्ण मिटत नाही: यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी आहे. चार्जिंग लगेच बंद करा, मशीन बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि टोचू तर अजिबात नका. आत लिथियम आहे, पेट घेऊ शकतं. चिकटवलेली बॅटरी आम्हीही गोंद विरघळवून, न वाकवता, अगदी सावकाश काढतो.

बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे हे बनवणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं. जी वस्तू बदलावी लागणार हे नक्की आहे, ती गोंदाने चिकटवण्याचं समर्थन आम्हाला सापडलेलं नाही. युरोपीय संघाने यासाठी नियमच केला: १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे.

लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असेल तर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. बहुतेक नव्या मॉडेलांत ही सोय असते आणि बॅटरीचं आयुष्य त्याने खरोखर वाढतं.

हिंज

झाकण कोपऱ्याला धरून उघडू नका, मधे धरा. हिंजचे (झाकणाच्या बिजागरीचे) स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत बसतात. हिंज घट्ट झालं की जोर त्या नटांवर येतो आणि ते प्लास्टिकसकट उपटून निघतात. झाकण जड लागतंय असं वाटलं की तेव्हाच आणा, हिंज सैल करणं थोडक्यात होतं. उपटल्यावर पॅनल बदलावं लागतं.

नवा घेताना

दुकानात विचारून नेमकं उत्तर मिळेलच असं नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा तपशील वाचा. रॅमपुढे "सोल्डर्ड" किंवा "ऑनबोर्ड" लिहिलं असेल तर ती बदलत नाही, "एसओडिम" असेल तर बदलते. एसएसडीपुढे "एम.२" असायला हवं. डेल, एचपी आणि लेनोवो यांची सर्व्हिस मॅन्युअल मोफत मिळतात. त्यात बॅटरी बदलण्याचं पान उघडा. खालचं झाकण, चार-सहा स्क्रू, एक कनेक्टर एवढंच असेल तर निर्धास्त घ्या. कीबोर्ड स्वतंत्र पार्ट म्हणून दाखवला आहे की पॅनलसकट, तेही तिथेच कळतं. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना दुरुस्तीचे १० पैकी गुण दाखवणं सक्तीचं आहे, त्यामुळे बऱ्याच मॉडेलांचे गुण शोधले तर सापडतात.

चांगली उदाहरणं आहेत आणि वाढत आहेत. २०२१ मध्ये आलेल्या फ्रेमवर्क लॅपटॉपचे जवळजवळ सगळे भाग मालकाला स्वतः बदलता येतात. २०२४ च्या थिंकपॅड टी१४ ला आयफिक्सिटने १० पैकी ९ गुण दिले.

दुरुस्तीला आणताना

चार्जर सोबत आणा, कारण कधीकधी दोष त्यातच निघतो. पाणी सांडलं असेल तर लपवू नका आणि सुरू करून बघू नका. किती वेळापूर्वी आणि काय सांडलं ते सांगा, म्हणजे बोर्ड कुठून तपासायचा ते कळतं. डेटा हवा आहे की मशीन चालू व्हायला हवं, यातलं आधी काय, हेही सांगा. दोन्हींसाठी कामाचा क्रम वेगळा असतो, आणि सोल्डर केलेल्या एसएसडीवर चुकीच्या क्रमाने सुरुवात झाली तर दुसरी संधी मिळत नाही.