तयार पॅटर्नवरून ब्लाऊज-स्कर्टची शिवण (कोल्हापूर)

छापील किंवा संगणकावरून उतरवून घेतलेला कागदी पॅटर्न विकत घ्यायचा, त्याचे भाग कापडावर मांडून कापायचे आणि ब्लाऊज व स्कर्टचा जोड शिवायचा, अशी ही पद्धत. कोल्हापुरात ती अजून नवखी आहे. इथले शिंपी आणि पेठांमधल्या शिवणक्लासात तयार झालेल्या बायका अंगाचे माप घेऊन, नाहीतर गिऱ्हाइकाने आणलेला मापाचा ब्लाऊज समोर ठेवून, खडूने थेट कापडावरच आखतात. छातीचा चौथा भाग, मुंढ्याची म्हणजे बाही जोडतात त्या भागाची खोली, खांद्याचा उतार यांचे हिशेब त्यांना तोंडपाठ असतात. कागद लागतो तो शिकताना, पेपर कटिंगपुरता. त्यामुळे विकतच्या पॅटर्नकडे वळतात त्या बहुधा घरी हौसेने शिवणाऱ्या, परकर-पोलक्यापेक्षा वेगळा घाट हवा असणाऱ्या मुली आणि बायका.

मापवार कागदी पॅटर्न बाजारात आणले ते अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने, १८६३ मध्ये. त्याआधी मासिकांतून येणारे नमुने एकाच मापाचे असत आणि ते लहानमोठे करणे वाचणारीवरच सोपवलेले असे. पुढे मॅकॉल (१८७०) आणि सिंप्लिसिटी (१९२७) या कंपन्या आल्या. जर्मनीतल्या बुर्डा मासिकाने १९५२ पासून अंकासोबत पॅटर्न द्यायला सुरुवात केली. जुन्या पॅटर्नवर काहीच छापलेले नसे; पातळ कागदाला पाडलेल्या भोकांवरून जोड ओळखावे लागत.

पॅटर्नचे पाकीट निवडताना पहिली फसगत आकड्यांची होते. अमेरिकी पॅटर्नमधील १२ नंबर म्हणजे छाती ३४, कंबर साडेसव्वीस आणि सीट (नितंबांचा घेर) ३६ इंच. दुकानातल्या तयार कपड्याच्या नंबराशी त्याचा मेळ बसत नाही. ब्लाऊजसाठी छातीचे माप धरावे, घेरदार स्कर्टसाठी कमरेचे आणि अंगासरशा स्कर्टसाठी सीटचे. दुसरी गोष्ट सैलपणाची. आपला साडीवरचा ब्लाऊज अंगाला बसता असतो, छातीच्या मापाहून इंच-दीड इंच जास्त. पाकिटातला ब्लाऊज शर्टासारखा सुटा असतो आणि त्यात तीन-चार इंचांचा सैलपणा सहज धरलेला असतो. तयार कपड्याचे माप पॅटर्नवर छापलेले असेल तर ते आधी वाचावे. अंगाच्या मापावर विसंबून कापलेला ब्लाऊज हमखास ढगळ वाटतो.

शिवणीच्या मायेचे, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडाचे गणितही कंपनीगणिक बदलते. अमेरिकी पॅटर्नमध्ये साधारणपणे ५/८ इंच, म्हणजे दीड सेंटिमीटर माया धरलेली असते. बुर्डा मासिकातल्या पॅटर्नवर ती नसते, आपण वाढवून कापायची असते. कोल्हापूरचा शिंपी मात्र बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच दाबून ठेवतो, पुढे ब्लाऊज उसवून सैल करता यावा म्हणून. पॅटर्न परदेशी असला तरी ही सवय सोडू नये. एकच ब्लाऊज दहा वर्षे वापरायचा तर ५/८ इंचाने काय होणार?

कापडाची इथे ददात नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग चालू झाला आणि पॉपलिन, केंब्रिक यांसारखे सुती कापड आजही तिथून येते. किरकोळ खरेदीला महाद्वार रोड आणि घाऊक भावाला गांधीनगर, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवावे. पावसाळ्यात त्याला दोन दिवस लागतात, तरी हे टाळू नये. पॅटर्नवर कापडाचा अंदाज ४५ आणि ६० इंच पन्ह्यासाठी (कापडाच्या रुंदीसाठी) दिलेला असतो, आपल्याकडे ३६, ४४ आणि ५८ इंच पन्हे मिळतात. म्हणून मांडणी नव्याने करावी लागते.

खरी पंचाईत होते ती काठाच्या कापडाची. कोल्हापूरच्या मुलींना सणाला खणाचा जोड हवा असतो. हा खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डहून येतो, पन्हा लहान आणि दोन्ही कडांना सरळ काठ. पाकिटातले बहुतेक स्कर्ट खाली पसरत जाणारे, म्हणजे त्यांचा खालचा कड गोलाकार. सरळ काठ त्या गोलाईवर बसत नाही. ओढून बसवला तर सुरकुत्या पडतात आणि कापला तर काठच जातो. अशा वेळी पॅटर्नचा स्कर्ट बाजूला ठेवून सरळ पट्ट्या जोडाव्यात, वर चुण्या घालाव्यात आणि कमरेला नाडी ओवायचा नेफा करावा. म्हणजे फिरून परकरच झाला, पण त्यावर पॅटर्नचा ब्लाऊज उत्तम शोभतो. आखूड बाहीचा खालचा कड जवळजवळ सरळच असल्यामुळे काठ तिथे नीट बसतो.

काठ नसलेल्या कापडाचा पूर्ण घेराचा स्कर्ट तर पॅटर्नशिवायही होतो. कमरेच्या मापाला ६.२८ ने भागले की आतल्या वर्तुळाची त्रिज्या मिळते. २८ इंच कमरेला ती सुमारे साडेचार इंच येते. स्कर्टची उंची २६ इंच असेल तर बाहेरची त्रिज्या साडेतीस इंच. ४४ इंची कापडात पूर्ण वर्तुळ मावत नाही, म्हणून दोन अर्धवर्तुळे कापून जोडायची. त्याला साडेतीन मीटर कापड पुरते. कमरेत चेन किंवा चीर हवीच, नाहीतर स्कर्ट सीटवरून चढत नाही. शिवल्यावर तो एक रात्र टांगून ठेवावा. तिरप्या धाग्यावरचे कापड ओघळून खाली उतरते आणि कड वरखाली होतो. तो समान करून मगच खालची दुमड घालावी.

ब्लाऊज मात्र आधी जुन्या चादरीचा करून पाहावा. टक्सचे (आकारासाठी घातलेल्या निमुळत्या चुणीचे) टोक छातीच्या उभाराच्या इंचभर अलीकडे थांबते का, मुंढा काचतो का, हे कच्च्या शिवणीतच कळते. छापून घेण्याच्या पॅटर्नमध्ये आणखी एक मेख असते: पानावर मापाचा चौकोन दिलेला असतो, तो पट्टीने मोजल्याशिवाय एकही पान चिकटवू नये. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की सगळे भाग बारीक होतात. ए-फोर पाने जोडण्याचा कंटाळा येत असेल तर इमारतींचे नकाशे छापून देणाऱ्या दुकानात ए-झिरो कागदावर अख्खा पॅटर्न निघतो. एकाच कागदावर अनेक मापे असल्यास मूळ कागद न कापता खाकी कागदावर उतरवून घेतात, म्हणजे मुलगी वाढली की पुढचे माप त्यातूनच काढता येते.