दर वेळी माफी तुम्हीच का मागता?

रुसवेफुगवे कुठल्या नात्यात नसतात? एका भांडणावरून कुणाला लबाड ठरवू नये. पाहायचं ते एवढंच, की तक्रार घेऊन तुम्ही जाता आणि बोलणं संपताना माफीही तुम्हीच मागता, असं वारंवार होतं का. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७ साली या उलटापालटीचे टप्पे मांडले: आधी साफ नाकारायचं, मग विचारणाऱ्यावरच उलटायचं, शेवटी अन्याय आपल्यावरच झाला असं भासवायचं.

तरीही माणूस अडकून राहतो, तो भोळा असतो म्हणून नव्हे. वर्तनाचे अभ्यासक बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत कळ दाबल्यावर अधूनमधूनच खाणं मिळालेले प्राणी, खाणं पूर्ण बंद झाल्यावरही बराच काळ कळ दाबत राहिले. दर वेळी मिळणाऱ्यांनी नाद लवकर सोडला. चार दिवसांच्या अबोल्यानंतर अवचित मिळणारी माया मनाला असंच बांधून ठेवते.

अशा वादात छातीची धडधड मिनिटाला शंभरच्या वर गेली, की समोरच्याचं धड ऐकूही येत नाही. जोडप्यांच्या नात्यांचे अभ्यासक जॉन गॉटमन निदान वीस मिनिटं थांबायला सांगतात. मात्र उठताना परतायची वेळ सांगा: 'आत्ता नको, साडेआठला बोलू.' वेळ न सांगता निघून जाणं हाही अबोलाच.

परत आल्यावर खुलासे देत बसू नका. प्रत्येक कारणातून नवा वाद फुटतो. समजा, वाद फोनवरून असेल, तर एवढंच म्हणा: 'तुला वाईट वाटलं, कळलं. पण माझा फोन मी तपासायला देणार नाही.' हेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा.

यानंतर दबाव आधी वाढतो. रडणं, टोमणे, एकामागून एक मेसेज. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. पाच वेळा नकार देऊन सहाव्यांदा मान तुकवली, तर पुरेसं ताणलं की काम होतं हे समोरच्याला कळतं. म्हणून पाळता येईल तेवढीच मर्यादा सांगा.

'मी असं म्हणालोच नव्हतो' हे नेहमीचं असेल, तर त्याच दिवशी तारखेसह दोन ओळी लिहून ठेवा. स्मृती खरोखरच लवचिक असते, तुमचीसुद्धा.

मारहाण, पाठलाग, गळा दाबणं किंवा पैशांची कोंडी असेल तिथे यातलं काहीच वापरू नका. 'मी जाणार' असं आधी जाहीर करणं तिथे धोक्याचं ठरू शकतं. पाळत नसलेल्या फोनवरून विश्वासातल्या माणसाला किंवा मदतवाहिनीला कळवा. जोडीदार आत्महत्येची धमकी देत असेल तर ती खरी धरा, त्याच्या घरच्यांना आणि आपत्कालीन सेवेला लगेच बोलवा. नात्यात राहायचं की नाही, हा निर्णय त्या रात्री घेऊ नका.