चॅनल आयलंड्सवर तंबूचा मुक्काम: आधी बोट, मग जागा

कॅलिफोर्नियातल्या चॅनल आयलंड्स नॅशनल पार्कमध्ये तंबू ठोकायची जागा मिळाली की मंडळी खूश होतात, सुट्टी टाकतात, सामान आणायला निघतात. आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की त्या दिवशी त्या बेटावर बोटच जात नाही. अशा वेळी जागा रद्द करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यावाचून फारसं काही हातात राहत नाही. दर हंगामात हेच घडताना दिसतं, म्हणून ही माहिती जरा सविस्तर लिहितो आहे.

हे पार्क १९८० साली झालं. अ‍ॅनाकापा, सांता क्रूझ, सांता रोझा, सॅन मिगेल आणि सांता बार्बरा अशी पाच बेटं त्यात येतात. एकाही बेटाला पूल नाही. मुक्कामाला जायचं तर स्वतःची बोट नसलेल्या आपल्यासारख्यांना पार्कने नेमलेल्या आयलंड पॅकर्स या कंपनीच्या बोटीनेच जावं लागतं. म्हणजे दोन आरक्षणं आली: तंबूच्या जागेचं सरकारी रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर, आणि बोटीचं बोटकंपनीकडे. या दोन यंत्रणांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. बोट नसलेल्या तारखेलाही संकेतस्थळ तुम्हाला जागा देतं, पैसे घेतं आणि पुष्टीची मेलही पाठवतं. खरं तर तिथेच ठळक अक्षरांत ‘आधी बोट पाहा’ असा इशारा यायला हवा. पार्कच्या माहितीत ही सूचना आहे, पण घाईत अर्ज भरणाऱ्याच्या ती नजरेला पडत नाही.

तेव्हा क्रम पक्का लक्षात ठेवा. बोटीचं वेळापत्रक उघडा, जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही तारखा त्यात आहेत याची खात्री करा. दुसऱ्या खिडकीत त्याच रात्रींसाठी जागा शिल्लक आहे का ते पाहा. मग आधी बोटीची तिकिटं काढा आणि लगेच जागा घ्या. सांता क्रूझला वर्षभर बऱ्याच फेऱ्या असतात, त्यामुळे तिथे जुळवणं सोपं जातं. सांता रोझा आणि सॅन मिगेलच्या फेऱ्या मोजक्याच असतात. तिथे शुक्रवारी जाऊन रविवारी परतायचा बेत वेळापत्रकात बसेलच असं नाही. आपल्या सुट्टीप्रमाणे बोट शोधण्यापेक्षा बोटीप्रमाणे सुट्टी टाकावी.

तिकीट काढताना आणखी एक चूक होते. दिवसाच्या सहलीचं तिकीट आणि मुक्कामी माणसाचं तिकीट वेगळं असतं. मुक्कामाच्या सामानाला बोटीवर जागा लागते, म्हणून ते महागही असतं. स्वस्त दिसलं म्हणून सहलीचं तिकीट घेतलं तर परतीची बोट त्याच संध्याकाळची असते. लहान मुलांचंही तिकीट लागतं, ते विसरू नका.

सहा महिन्यांचा गोंधळ

जागेचं आरक्षण सहा महिने आधीपर्यंत करता येतं. हे वाक्य लोक दोन तऱ्हांनी चुकीचं वाचतात. काहींना वाटतं की सहा महिने आधी अर्ज करणं बंधनकारक आहे, आणि उशीर झाला म्हणून ते नादच सोडून देतात. तसं नाही. जागा रिकामी असेल तर मुक्काम जवळ आल्यावरही घेता येते, आणि कुणी रद्द केलेल्या जागा अधूनमधून मोकळ्या होतच असतात. दुसरे लोक वर्षाचं आरक्षण एकदम उघडेल म्हणून वाट पाहतात. तेही नाही, ही मुदत रोज एकेक दिवसाने पुढे सरकते. बोटीच्या तारखा मात्र कंपनी आपल्या सोयीने जाहीर करते. ती मुदत जागेच्या मुदतीशी जुळेलच असं धरून चालू नका.

तंबू ठोकायच्या सगळ्या मैदानांना आरक्षण लागतं. बेटावर पोहोचून पैसे भरू, एखादी जागा मिळेलच, हा हिशेब इथे चालत नाही. एका जागेचं भाडं रात्रीचं १५ डॉलर आहे. तंबू, पांघरूण, स्टोव्ह सगळं आपलंच न्यायचं, बेटांवर दुकान नाही.

नावं सारखी, ठिकाणं वेगळी

सांता बार्बरा नावाचं शहर आहे आणि बेटही आहे. सांता क्रूझचं तसंच, आणि सांता क्रूझ शहर तर उत्तरेला कित्येक तासांच्या अंतरावर आहे. मुक्कामाच्या बोटी सुटतात त्या व्हेंच्युराहून, काही फेऱ्या शेजारच्या ऑक्सनार्डहून. हॉटेल घेण्याआधी तिकिटावरचं बंदराचं नाव वाचा.

सांता क्रूझ बेटावर बोट दोन ठिकाणी लागते, स्कॉर्पियन आणि प्रिझनर्स. तंबूचं मुख्य मैदान स्कॉर्पियनला आहे. धक्क्यापासून जवळपास अर्धा मैल सपाट चालायचं की खालचं मैदान येतं. प्रिझनर्सहून साडेतीन मैल चढून डेल नॉर्ते नावाचं मैदान लागतं, तिथे जेमतेम चार जागा आहेत. प्रिझनर्सचं तिकीट आणि स्कॉर्पियनची जागा अशी जोडी जुळवली, तर दोहोंच्या मध्ये सुमारे १५ मैलांची डोंगरवाट आहे. पाठीवर बिऱ्हाड घेऊन ती कुणी सहज चालून जाणार नाही. म्हणून दोन्ही पावत्या शेजारी ठेवून उतरण्याचं ठिकाण ताडून पाहा.

सांता बार्बरा बेटाचं मैदान यादीत दिसतं, पण तिथल्या धक्क्याचं वादळात नुकसान झालं आणि नेहमीची बोटवाहतूक थांबली. एखाद्या बेटाचा धक्का दुरुस्तीसाठी बंद असणं ही इथे नवलाची गोष्ट नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी पार्कच्या ताज्या सूचना वाचाच.

पात्रता, पास आणि भारतातून आलेले आई-बाबा

आरक्षण करणारा १८ वर्षांचा असावा. नागरिकत्वाची किंवा व्हिसाची अट नाही, तेव्हा एच-१बीवर असलेल्यांनी किंवा विद्यार्थ्यांनी बिचकायचं कारण नाही. ज्याच्या नावावर जागा घ्याल तो माणूस प्रत्यक्ष मुक्कामाला असू द्या. मित्राच्या नावावर घेऊन तो आयत्या वेळी गळाला, की उगाच स्पष्टीकरणं देत बसावी लागतात. एका जागेवर किती माणसं राहू शकतात ते प्रत्येक मैदानाला वेगळं आहे. स्कॉर्पियनला साध्या जागेवर सहा. दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असाल तर दोन जागा घ्या किंवा गटाची जागा पाहा.

‘अमेरिका द ब्युटिफुल’ हा वार्षिक पास आपल्यापैकी अनेकांकडे असतो. इथे त्याचा उपयोग होत नाही. या पार्कला प्रवेशशुल्कच नाही, आणि वार्षिक पासावर मुक्कामाच्या भाड्यात सूट मिळत नाही. भाड्यात निम्मी सूट मिळते ती सीनियर (ज्येष्ठांच्या) किंवा अ‍ॅक्सेस (कायमचं अपंगत्व असलेल्यांच्या) पासावर. सीनियर पाससाठी वय ६२ पूर्ण हवं आणि अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना हवा. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा वयात बसले तरी त्यात बसत नाहीत. कृपा करून त्यांच्या नावावर सूट लावायचा प्रयत्न करू नका.

आई-बाबांना न्यायचं असेल तर कागदांपेक्षा उतरण्याची जागा महत्त्वाची आहे. अ‍ॅनाकापाला धक्क्यावरच्या लोखंडी शिडीनंतर १५७ पायऱ्या आहेत, आणि सगळं सामान, पाण्यासकट, आपणच वर न्यायचं. सॅन मिगेलला छोट्या होडीतून वाळूवर उतरवतात, पाय भिजतातच, आणि पुढे मैलभर खडा चढ आहे. सांता रोझाला धक्क्यापासून दीड मैल चालणं आहे, वारा मात्र सोसाट्याचा. ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं सोबत असतील तर स्कॉर्पियनचं खालचं मैदान घ्या, बाकीचे मोह टाळा.

कुणाकडेच नसतो तो कागद

इतर बेटांना जागेची पुष्टी आणि बोटीचं तिकीट पुरतं. दोन्ही छापून न्या किंवा फोनमध्ये उतरवून ठेवा. बेटावर नेटवर्कचा भरवसा नाही, आणि मेल उघडेपर्यंत रांग खोळंबते.

सॅन मिगेलचं प्रकरण वेगळं आहे. हे बेट अमेरिकी नौदलाच्या मालकीचं आहे, पार्क फक्त त्याची व्यवस्था पाहतं. पूर्वी तिथे बॉम्बफेकीचा सराव चालायचा. न फुटलेला दारूगोळा अजून सापडू शकतो, याच कारणाने २०१४ ते २०१६ पर्यंत बेट लोकांसाठी बंद होतं. म्हणून तिथे पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला प्रवेशपरवाना आणि जबाबदारी स्वीकारल्याचा कागद सही करून द्यावा लागतो. जागेच्या आरक्षणात हा कागद येत नाही, तो निराळा भरायचा असतो. तो बोटकंपनीच्या कार्यालयात मिळतो. बोट सुटायच्या घाईत कागद समोर आला की लोक न वाचताच सही करतात. तसं करू नका. ठरलेली वाट सोडायची नाही आणि जमिनीवर दिसलेल्या कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे मुलांनाही आदल्या दिवशी नीट समजावून सांगा.

बंदरावर अडवलं जाणारं सामान

सामानाचा एकेक नग ४५ पौंडांच्या, म्हणजे साधारण २० किलोंच्या आत हवा. मोठा कूलर भरला की तो हमखास वर जातो. दोन लहान करा. स्टोव्हचं इंधन बॅगेत दडवू नका. ते वेगळं ठेवून बोटीवरच्या माणसांना आधीच सांगायचं असतं.

पुठ्ठ्याची खोकी नेऊ नका. किराणा तसाच खोक्यात घालून आणणाऱ्यांना धक्क्यावर सामान उपसून भरताना पाहिलं की वाईट वाटतं. नियम कटकटीचा वाटला तरी त्यामागचं कारण खरं आहे. पुठ्ठ्याच्या घड्यांतून मुंग्या, कोळी, उंदरांची पिल्लं बेटावर पोहोचतात. बोटींबरोबर आलेल्या काळ्या उंदरांनी अ‍ॅनाकापावर समुद्रपक्ष्यांची अंडी फस्त केली होती. २००१-०२ मध्ये मोहीम काढून ते उंदीर संपवावे लागले. त्याच कारणाने बुटांचे तळवे आणि तंबूच्या खुंट्याही घरूनच घासून, माती काढून न्या. कुत्रं-मांजर अजिबात नाही.

मैदानांवर शेकोटीला बंदी आहे. पिण्याचं पाणी फक्त स्कॉर्पियन आणि सांता रोझाच्या मैदानावर मिळतं, बाकी ठिकाणी माणशी रोज एक गॅलन धरून न्या. कचरा परत आणायचा. अन्न दिलेल्या पेटीतच ठेवा. इथले छोटे कोल्हे आणि डोमकावळे तंबूची चेन उघडतात, ही अतिशयोक्ती नाही. हे कोल्हे जगात फक्त कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सहा बेटांवर आहेत, त्यातली तीन या पार्कमध्ये येतात. पार्कमधल्या या तीन बेटांवरचे कोल्हे २००४ साली संकटग्रस्त यादीत गेले आणि २०१६ मध्ये बाहेर आले. त्यांना आपल्या पोळ्यांची सवय लावू नका.

बोट रद्द झाली तर

वाऱ्यामुळे बोट रद्द होते, आणि निर्णय कधीकधी त्याच सकाळी होतो. बोटीचे पैसे बोटकंपनी पाहते. जागेच्या पैशांसाठी मात्र रिक्रिएशन डॉट गव्हकडे वेगळी विनंती करावी लागते. बोट रद्द झाली म्हणजे जागाही आपोआप रद्द झाली, असं समजून लोक गप्प बसतात आणि मग गैरहजर म्हणून नोंद होते. त्याचा दंड २० डॉलर आणि पहिल्या रात्रीचं भाडं. तेव्हा बोट रद्द झाल्याचा निरोप जपून ठेवा आणि त्याच दिवशी विनंती करा. स्वतःहून बेत बदललात तर १० डॉलर कापले जातात, आणि अगदी आदल्या दिवशी रद्द केलंत तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं.

परतीची बोट रद्द झाली तर आपण बेटावरच असतो. एका दिवसाचं जास्तीचं जेवण आणि रोजची औषधं दोन दिवसांची अधिक ठेवा. सोमवारी सकाळी महत्त्वाची मीटिंग असेल तर रविवारच्या शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका, शक्य असेल तर सोमवारचीही सुट्टी टाकून ठेवा.