अन्ननलिकेचा कॅन्सर: रोबोटला ‘ओपन’समोर कुणी उभं केलं?

निपाणी-चिकोडी हा तंबाखूचा पट्टा. घास अडकतो म्हणून इथून निघालेला पेशंट बेळगाव, मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतो. केमो-रेडिएशन उरकत आलं की घरचे विचारतात, “मशीननं करायचं की फाडून?” प्रश्नात दोनच पर्याय असतात, रोबोट किंवा ‘ओपन’, म्हणजे छाती उघडून. मधला, दुर्बिणीचा, गळालेला असतो. तो गळण्याला कारण आहे.

१९१३ साली न्यूयॉर्कला एका बाईची छातीतली अन्ननलिका काढून मानेचं आणि पोटाचं भोक बाहेरून रबरी नळीनं जोडलं. ती बाई पुढं बारा वर्षं जगली. नंतरची बरीच दशकं मुख्यतः बरगड्या फाकवून काम चाललं: गाठीसकट अन्ननलिका काढायची, जठराची ४-५ सेंमी रुंदीची नळी करून वर ओढायची. बरगड्या दुखतात म्हणून पेशंट खोकत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. खरी धास्ती त्याचीच.

१९९० नंतर दुर्बीण आली, लहान छिद्रांतून ऑपरेशन होऊ लागलं. २०१२ च्या युरोपातल्या चाचणीत ११५ पेशंट होते. पहिल्या दोन आठवड्यांत फुफ्फुसाचा संसर्ग ओपनमध्ये २९ टक्के, दुर्बिणीत ९. २०१९ च्या फ्रान्समधल्या चाचणीत छाती उघडलीच होती, फक्त पोटाचा भाग दुर्बिणीनं केला. तरी मोठी गुंतागुंत ६४ वरून ३६ टक्क्यांवर आली.

रोबोटची गाजलेली चाचणीही २०१९ चीच, नेदरलँड्समधल्या एकाच केंद्रातली. तुलना ठेवली ओपनशी. भरती २०१२ ला सुरू झाली तेव्हा ओपन हीच रूढ पद्धत होती, हे मान्य. पण निकाल आला तोवर बरगड्या न फाकवण्याचा फायदा दुर्बिणीनं दाखवून झाला होता. मग गुंतागुंत ओपनमध्ये ८० टक्के, रोबोटमध्ये ५९, हे श्रेय रोबोटचं की लहान छिद्रांचं? ही चाचणी ते सांगू शकत नाही. शिवाय ‘गुंतागुंत’ मोजली ग्रेड २ पासून, म्हणजे औषधावर निभावलेला न्यूमोनिया किंवा हृदयाची बिघडलेली लयही त्यात धरली. म्हणून ८० चा आकडा ऐकताना छातीत धस्स होतं. रक्तस्राव ५६८ ऐवजी ४०० मिली. उरलेली अन्ननलिका आणि जठर शिवतात तो जोड गळण्यात मात्र फरक नाही.

तो पडायचाही नव्हता. वर ओढलेल्या जठराला रक्त मिळतं मुख्यतः उजव्या बाजूच्या एकाच धमनीतून, आणि जोड येतो नेमका तिच्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला. ओढताना पीळ पडला, ताण आला की टोक काळवंडतं आणि जोड सुटतो. टाका हातानं घाला की रोबोटच्या मनगटानं, टोकाला पोचणारं रक्त तेवढंच.

रोबोट विरुद्ध दुर्बीण ही सरळ लढत २०२२ ला चीनमधून आली: ३५८ पेशंट, सगळे स्क्वॅमस, म्हणजे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरातून होणारा, आपल्याकडं जास्त दिसणारा प्रकार. गुंतागुंत दोन्हीकडं जवळपास सारखी, रोबोटला वेळ सुमारे ४० मिनिटं कमी. आधी केमो घेतलेल्यांत स्वरयंत्राच्या डाव्या नसेलगतच्या लसिकाग्रंथी रोबोटनं जास्त वेळा निघाल्या. ही जागा अडचणीची. नस ताणली की आवाज बसतो, पाणी पिताना ठसका लागतो.

आपल्याकडच्या माहितीपत्रकांत मात्र बऱ्याचदा ५९ आणि ८० च छापलेले दिसतात.