लेदर कोरल मिटतं तेव्हा

मंगळाच्या अंगठीतलं पोवळं आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? ते बरंचसं येतं भूमध्य समुद्रातून. कोरॅलियम रुब्रम नावाच्या लाल प्रवाळाचा तो टणक कणा. सोनाराच्या हाती येईपर्यंत त्यावरचा जीव कधीच गेलेला असतो. पण समुद्रात असताना त्याच लाल फांदीवर पांढऱ्या चांदण्यांसारखे पॉलिप, म्हणजे प्रवाळाची वसाहत बनवणारे चिमुकले जीव, फुललेले असतात. प्रत्येक पॉलिपला मोजून आठ संस्पर्शक, म्हणजे बोटांसारखे अवयव. त्या प्रत्येक बोटाला दोन्ही कडांनी पिसासारखी झालर. भिंतीसारखे खडक उभारणाऱ्या कठीण प्रवाळांना सहा किंवा सहाच्या पटीत बोटं असतात. म्हणजे नात्याने पाहिलं तर अंगठीतलं पोवळं त्या खडकांपेक्षा माझ्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत डुलणाऱ्या लेदर कोरल या मऊ प्रवाळाला जास्त जवळचं आहे.

1706 साली लुइजी मार्सिली या इटालियन सरदाराने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कोळ्यांनी नुकतंच काढलेलं लाल प्रवाळ काचेच्या भांड्यात, समुद्राच्या पाण्यात ठेवलं. थोड्या वेळाने फांदीवर पांढरी 'फुलं' उमलली. फांदी पाण्याबाहेर काढली की ती मिटत, परत पाण्यात ठेवली की उमलत. मार्सिलीने ठरवलं, प्रवाळ ही वनस्पती आहे. पुढे मार्सेय शहरातल्या जाँ-आंद्रे पेसोनेल या डॉक्टरने त्याच फुलांकडे चिकाटीने पाहिलं आणि 1720च्या दशकात सांगितलं की ही फुलं नव्हेत, हे प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांना ते पटायला दीड दशकाहून अधिक काळ जावा लागला.

मला मार्सिलीचं ते भांडं फार आवडतं. त्याचा निष्कर्ष चुकला, पण त्याने टिपलेली गोष्ट आजही टाकीसमोर बसणाऱ्याला रोज सकाळी मिळणारी पहिली बातमी आहे: आज उघडलंय की मिटलंय?

माझं पहिलं मऊ प्रवाळ म्हणजे सार्कोफायटॉन. विकणारे त्याला टोडस्टूल लेदर म्हणतात, कारण ते दिसतं अळंबीसारखं आणि हाताला लागतं कातड्यासारखं. ठाण्याच्या घरात 120 लिटरच्या टाकीत ते दोन महिने छान फुललं. मग एका सकाळी सगळे पॉलिप आत गेलेले. तिसऱ्या दिवशी छत्रीवर मेणचट, करडा पापुद्रा दिसू लागला. मी घाबरून गेलो. दगड उचलून दुसरीकडे ठेवला, पाणी बदललं, दिवा वाढवला, दोन दिवसांनी परत जागा बदलली. नंतर कळलं की ते नुसती कात टाकत होतं. माझ्या धावपळीने त्याचे आणखी दिवस वाया गेले.

हे समजायला त्याचं शरीर समजून घ्यावं लागतं. मऊ प्रवाळाला आतून आधार देणारा सलग सांगाडा नसतो. गरात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म काटे विखुरलेले असतात, त्यांना स्क्लेराइट म्हणतात. पोवळ्यात हेच स्क्लेराइट एकमेकांना चिकटून दगड झालेला असतो, इथे ते सुटे राहतात. मग एवढी छत्री उभी राहते कशावर? पाण्यावर. सार्कोफायटॉनच्या छत्रीवर दोन प्रकारचे पॉलिप असतात. लांब देठाचे, आठ बोटांचे पॉलिप आपल्याला दिसतात. त्यांच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतात, तेही पॉलिपच. त्यांचं काम पाणी आत ओढून सगळ्या वसाहतीत खेळवायचं. त्या पाण्याच्या दाबावर छत्री ताठ राहते. कोरल मिटतं तेव्हा हे पाणी बाहेर टाकलेलं असतं, म्हणून एका दिवसात ते निम्मं झाल्यासारखं दिसतं. गर घटलेला नसतो, ते फक्त हवा गेलेल्या उशीसारखं बसलेलं असतं.

आणि कात का? त्याच्या अंगावर सतत शेवाळ, जिवाणू, गाळ बसत असतो. मासा अंग झटकू शकतो, याला ते जमत नाही. म्हणून ते एक मेणचट थर तयार करतं आणि घाणीसकट सोडून देतं. हे कधी दोन-तीन दिवसांत आटोपतं, कधी आठवडा, क्वचित त्याहून जास्त. या काळात त्याला हवा असतो वाहत्या पाण्याचा झोत. वेव्हमेकरचं, म्हणजे टाकीत पाणी खेळवणाऱ्या पंपाचं, तोंड थोडं त्याच्याकडे वळवावं, पण सरळ एका जागी मारा नको. पापुद्रा वाऱ्यावर फाटक्या पतंगासारखा फडफडून सुटतो. नखाने खरवडू नये.

मरणारं कोरल वेगळं ओळखू येतं. बुडखा काळसर, बुळबुळीत होतो, गर विरघळून धागे सुटू लागतात आणि पाण्याबाहेर काढलं तर कुजका वास येतो. एकदा तो वास आला की दुसऱ्यांदा शंका राहत नाही. अशा वेळी वाट पाहू नये. धारदार ब्लेडने निरोगी भागातून कापून सडलेला तुकडा काढून टाकावा.

आता पोटाबद्दल. या प्राण्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म एकपेशी शैवाल राहतं. प्रकाशात ते साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. यजमान त्याला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि राहायला जागा देतो. म्हणून आपण दिवा लावतो तो खरं तर या भाडेकरूसाठी. सार्कोफायटॉनला मध्यम प्रकाश पुरतो. नवीन प्रवाळ आणलं की ते टाकीच्या तळाशी, कमी उजेडात ठेवावं आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर आणावं. अचानक प्रखर उजेड पडला तर शैवाल गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन तयार करतं, त्याची घातक रूपं पेशींना जाळू लागतात, आणि प्राणी आपल्याच भाडेकरूला बाहेर काढतो. प्रवाळ पांढरं पडतं ते त्यामुळे. समुद्रात उष्णतेच्या लाटेत होतं तेच, लहान प्रमाणात.

ऑक्सिजनची ही गोष्ट झेनियाकडे पाहताना आणखी स्पष्ट होते. झेनिया आणि तिची बहीण हेटेरोझेनिया ही मऊ प्रवाळं दिवसभर मुठी उघडझाप करावी तसे पॉलिप हलवत राहतात. एवढी शक्ती कशासाठी खर्च करायची, हा जुना प्रश्न होता. 2013 साली लाल समुद्राकाठी इलात इथे काम करणाऱ्या इस्रायली शास्त्रज्ञांनी त्याचं उत्तर दिलं. प्रत्येक झटक्यासरशी पॉलिपजवळ साचलेलं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी दूर फेकलं जातं आणि ताजं पाणी येतं. ऑक्सिजन साचला की शैवालातलं रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनलाच पकडू लागतं आणि प्रकाशसंश्लेषण मंदावतं. उघडझापेमुळे ते कैक पटींनी वाढतं. जे प्रवाळ असं हलू शकत नाही, त्याच्यासाठी हे काम वेव्हमेकरला करावं लागतं. पाण्याचा प्रवाह हा टाकीचा शोभेचा भाग नाही, तो कोरलचा श्वास आहे.

पाण्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 100 लिटरच्या टाकीत साडेतीन किलो. उन्हाळ्यात उघड्या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडतं, पण मीठ उडत नाही. दोन लिटर कमी झाले की 35 चं 35.7 होतं. चार-पाच दिवस गावाला गेलो आणि दहा लिटर उडाले तर जवळपास 39. मासा कदाचित ते सोसेल, पाण्याच्या दाबावर उभं असलेलं मऊ प्रवाळ मिटून बसेल. म्हणून उडालेल्या पाण्याची भर रोज घालायची, आणि ती गोड्या पाण्याची. इथे नवीन लोक हटकून चुकतात आणि मिठाचं पाणी ओततात. ते गोडं पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून विरघळलेले क्षार काढून टाकलेलं, हवं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातला फॉस्फेट, सिलिकेट आणि पाइपांतून येणारं तांबं टाकीत साठत जातं. तांबं तर अपृष्ठवंशी प्राण्यांना विषच. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची कित्येक औषधं तांब्याचीच असतात. ती कोरलच्या टाकीत कधीही घालू नका. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवा.

टाकी भरल्या भरल्या कोरल आणायचं नसतं. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरही मी आणखी महिनाभर थांबायला सांगेन. अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, ती डीकेएच या एककात मोजतात) 8 ते 9 डीकेएच, कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम हे आकडे दर आठवड्याला तपासावेत, पण मऊ प्रवाळ कॅल्शियम फार वापरत नाही, त्यामुळे दर पंधरवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदललं तर वेगळे डोस बहुधा लागतच नाहीत. नायट्रेट मात्र शून्यावर आणायच्या नादी लागू नये. अगदी चकचकीत, उपाशी पाण्यात लेदर कोरल सुकत जातं. लिटरला 5 ते 10 मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या टाकीत माझं कोरल जास्त आनंदी असतं.

आपल्याकडची खरी लढाई उष्णतेशी. पाणी 25-26 अंशांवर राहावं असं वाटतं, आणि मे महिन्यात बंद घरातली टाकी 31 वर जाते. पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, कोकणपट्टीच्या दमट हवेत कमी, कारण हवाच पाण्याने भरलेली. तिथे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावा लागतो आणि तो महाग आहे, हे आधीच हिशेबात धरलेलं बरं. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. त्यात वीज गेली आणि पंप थांबला तर रात्रीतून सगळं संपू शकतं. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घरात असायलाच हवा, टाकी कितीही लहान असो.

मऊ प्रवाळ दिसायला शांत, पण शेजाऱ्याशी भांडतं ते रसायनांनी. टर्पीन वर्गातली संयुगं ते पाण्यात सोडतं. समुद्रात ती वाहून जातात, टाकीत साचतात, आणि जवळचं कठीण प्रवाळ कारण न कळता झिजत जातं. लेदर आणि शेजारी यांच्यात मोकळी हातभर जागा ठेवावी आणि फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवून तो तीन-चार आठवड्यांनी बदलावा. कोरल कात टाकत असताना तर नक्कीच.

इथे एक धोका नीट सांगायला हवा. झोअँथिड नावाचे रंगीत, बटणांसारखे प्राणी दुकानात मऊ प्रवाळांच्याच रांगेत मिळतात. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी त्यांचे गालिचे दिसतात. त्यांच्यातल्या पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाई बेटांवर माउईच्या हाना भागात एका डबक्यातल्या या जिवाला 'हानाचं मारक शेवाळ' म्हणत आणि भाल्यांच्या टोकांना ते चोळल्याच्या कथा सांगत. 1971 साली हवाई विद्यापीठातल्या रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी त्यातलं विष वेगळं काढलं, ते ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल निघालं. टाकीचे दगड स्वच्छ करायला उकळत्या पाण्यात टाकल्याने किंवा गरम पाण्याने धुतल्याने घरातली माणसं श्वासातून विष जाऊन रुग्णालयात गेल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नये, ब्रशने कोरडा खरवडू नये. हाताळताना हातमोजे आणि चष्मा. हाताला कापलेलं असेल तर त्या दिवशी टाकीत हातच घालू नये.

प्रवाळ आणायचं कुठून, हेही महत्त्वाचं. मालवणच्या समुद्रात, 1987 साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात प्रवाळं आहेत. स्नॉर्केलिंग करताना ती पाहावीत आणि तिथेच ठेवावीत. खडक उभारणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप कोरल आणि फायर कोरल यांना 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं गेलं. यातले समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप आठ बोटांच्याच घराण्यातले. किनाऱ्यावरचा मेलेला प्रवाळखडकसुद्धा पिशवीत टाकून घरी आणायचा नसतो. टाकीसाठी कृत्रिम दगड मिळतो, तो चांगला. आणि कोरल घेताना आयातीची कागदपत्रं मागावीत. त्याहून उत्तम म्हणजे कुणाच्या टाकीत वाढलेला तुकडा घ्यावा, कारण तो काचेतल्या आयुष्याला आधीच सरावलेला असतो.

तुकडा करणं तसं सोपं आहे. नव्या ब्लेडने छत्रीच्या कडेची बोटभर पट्टी कापायची. चिकट द्राव सुटतो, त्यामुळे गोंद धरत नाही. पट्टी लहान दगडावर ठेवून वरून जाळीचं कापड सैलसर बांधायचं, किंवा दगडचुऱ्याने भरलेल्या वाटीत मंद प्रवाहात ठेवायची. आठ-पंधरा दिवसांत ती आपणहून चिकटते. मूळ कोरल आठवडाभर रुसून मिटतं, मग कापलेली कड गोल होते.

मागच्या श्रावणात मी असे तीन तुकडे केले. दोन मित्रांकडे गेले. तिसरा महिनाभर नुसता पिवळसर गोळा होता, रोज सकाळी मी दिवा लागायची वाट बघत बसायचो. पाचव्या आठवड्यात त्याच्या कडेला एक ठिपका वर आला. दुपारपर्यंत त्याला देठ फुटलं होतं. भिंग लावून मोजली, आठ बोटं होती.