पाया खचणे

पाया खचणे म्हणजे घराच्या पायाखालची जमीन दबल्यामुळे, आकसल्यामुळे किंवा वाहून गेल्यामुळे पाया मूळ पातळीच्या खाली जाणे. सगळे घर सारखेच खाली बसले तर पायऱ्या आणि नळजोड यांपलीकडे फारसे बिघडत नाही. एक कोपरा खचतो आणि दुसरा जागेवर राहतो तेव्हा मात्र भिंती फाटतात. असा विषम खचाव किती सोसतो, याचा स्केम्प्टन आणि मॅकडोनल्ड या अभियंत्यांनी 1956 मध्ये मांडलेला निकष आजही वापरला जातो. दोन आधारांमधील अंतराच्या 1/300 इतका फरक पडला की भिंतींना तडे जाऊ लागतात आणि 1/150 ला इमारतीच्या सांगाड्याला इजा पोहोचू शकते. 3 मीटर अंतरावरच्या दोन कॉलमांसाठी यातील पहिली मर्यादा 10 मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढीही भरत नाही.

इंदूरमध्ये या प्रश्नाचे मूळ बहुधा काळ्या मातीत असते. शहर माळव्याच्या पठारावर, बेसाल्ट खडकावर वसले असून त्या खडकाच्या झिजेतून बनलेल्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारे आणि वाळताना आकसणारे खनिज विपुल असते. वैशाखात ज्या मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच प्लॉटवर आषाढात पाऊल रुतते. घर बांधले की त्याच्या मध्यभागाखालची जमीन उन्हापासून झाकली जाते आणि तिथे ओल साठत जाते, तर बाहेरच्या भिंतींखालची माती दरवर्षी भिजते व वाळते. परिणामी मधल्या खोलीची फरशी वर उचलली जाते, कडेच्या भिंती उन्हाळ्यात खाली ओढल्या जातात, आणि दुरून पाहणाऱ्याला घर फक्त खचल्यासारखे दिसते. एकमजली घराचे वजन पुष्कळदा मातीच्या फुगण्याच्या दाबापेक्षा कमी पडते. म्हणून या जमिनीत हलके घर अधिक सुरक्षित असते ही समजूत टिकत नाही.

राजवाड्याच्या परिसरातील जुन्या वाड्यांची रचना अशी हालचाल बऱ्यापैकी पचवते, कारण सागवानी खांब-तुळयांचे सांधे आणि चुन्याच्या दरजा थोड्याशा फरकाला वळून घेतात. लोकमान्यनगर किंवा सुदामानगर यांसारख्या नंतरच्या वसाहतींत प्रचलित असलेले विटा-सिमेंटचे बांधकाम ताठर असते. ते वळत नाही, तडकते.

मातीखेरीज इतर कारणेही आहेत. नाल्याकाठचा किंवा बुजवलेल्या विहिरीवरचा न ठोकलेला भराव, अर्धा मुरमावर आणि अर्धा भरावावर आलेला पाया, मूळ हिशेबात नसलेला वाढीव मजला, आणि भिंतीलगत वाढलेला पिंपळ किंवा निलगिरी यांचा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. या सर्वांहून अधिक लक्ष द्यायला हवे ते गळक्या नळाकडे, फुटलेल्या सांडपाण्याच्या पाइपाकडे आणि जोत्याशेजारी पडणाऱ्या पागोळ्यांकडे, कारण त्यांच्यामुळे घराच्या एकाच बाजूची माती बारमाही ओली राहते.

निदानाची सुरुवात तड्यांच्या वाचनाने होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघून वर रुंद होत गेलेला तडा भिंतीचे टोक खचल्याचे सांगतो. खाली रुंद असलेला तडा बहुधा मधला भाग बसल्याचे. गिलाव्यातल्या केसासारख्या उभ्या-आडव्या भेगांचा पायाशी सहसा संबंध नसतो. तडा वाढतो आहे की थांबला आहे, हे पाहण्यासाठी त्याच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून तारीख लिहून ठेवतात. भिंत हलली की काच तुटते. त्यासोबत पेन्सिलच्या दोन खुणांमधील अंतर महिन्याला एकदा मोजले तर तडा उन्हाळ्यात उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो का, तेही कळते. हे निरीक्षण एक पूर्ण वर्ष चालले पाहिजे. केवळ एका ऋतूत तडा पाहून दुरुस्तीचा अंदाज देणाऱ्या कंत्राटदारावर विसंबू नये.

मातीची परीक्षा सोपी आहे. चाळून वाळवलेली 10 ग्रॅम माती एका मोजपात्रात शुद्ध पाण्यात आणि तितकीच दुसऱ्यात केरोसिनमध्ये 24 तास ठेवतात. केरोसिनमध्ये ती फुगत नाही. पाण्यातील वाढ त्याच्या तुलनेत 50 टक्क्यांहून अधिक भरली तर पाया नेहमीच्या पद्धतीने घालणे धोक्याचे मानतात.

दुरुस्तीत पहिले काम पाण्याचे असते. गळती बंद करणे, पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर नेणे आणि जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली रुंद फरसबंदी करणे, एवढ्याने अनेक घरांची हालचाल थांबते. ती थांबली नाही तरच पायाखाली नवा पाया घालावा. भिंतीला टेकू देऊन 1 ते 1.5 मीटर लांबीचे खड्डे, लगतचे न उघडता, आळीपाळीने खणतात आणि घट्ट मुरमापर्यंत नेऊन काँक्रीटने भरतात; जुन्या पायाखाली राखलेली फट काँक्रीट आकसून कठीण झाल्यावर कोरड्या सिमेंट-वाळूने ठासतात. माळव्यात हे खोदकाम दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण सरल्यावर हाती घ्यावे. घट्ट थर फार खोल असेल तर बारीक व्यासाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, वापरतात.

नव्या घरासाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड पाइल या जमिनीत उपयुक्त ठरले आहेत. ते साधारण 3.5 मीटर खोल, ओलाव्याच्या चढउताराखाली नेतात. पाइलांच्या डोक्यांवरचे, भिंती पेलणारे बीम मातीपासून किमान 80 मिलिमीटर वर ठेवायचे असतात. ही पोकळी राडारोड्याने बुजवली, तर फुगणारी माती बीमच उचलते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी पुढे आणलेला, न फुगणाऱ्या मातीचा ठोकून बसवलेला थर हा दुसरा मार्ग आहे.

तडे भरणे हे शेवटचे काम. ते वैशाखात, तडा सर्वांत रुंद असताना केले तर पावसाळ्यात मिटू पाहणारी भिंत कठीण मसाल्यावर दाबली जाते आणि शेजारी नवा तडा उमटतो. म्हणून हालचाल थांबल्याची खात्री करून, दरजांमध्ये सळया बसवून तडा शिवावा आणि मगच गिलावा करावा.